पाय माझे, पैसे तुमचे

मूल साधारण वर्षाचं झालं की चालायला लागतं. घरात त्याचं कौतुक होतं, दादी नजर उतरवते, आणि त्यानंतर चाळीस वर्षं त्या विषयाची परीक्षा कुणी घेत नाही. वाचकहो, आम्ही ती परीक्षा पुन्हा द्यायचं ठरवलं. पेपर होता ३५ किलोमीटरचा. लेण्याद्रीच्या पायथ्यापासून जुन्नर गावातून आपटाळे, चावंड, घाटघर करत थेट नाणेघाट. फोनमधला नकाशा या अंतराचा एक आकडा सांगतो, एसटीचे कंडक्टर दुसरा सांगतात, आणि घाटघरकडे माहेर असलेल्या आमच्या शाळेतल्या मावशी 'लई लांब हाय, बाई' एवढंच सांगतात. चालून पाहिल्यावर मावशींचं माप सर्वांत अचूक वाटलं.

हा खटाटोप पैशांसाठी होता. आमच्या भागातल्या काही मुली बारावीनंतर बाहेरगावी शिकायला गेल्या आहेत. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलीला एसटीचा पास फुकट असतो. आता तर २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. पण वसतिगृहाला अर्धं भाडं नसतं. पहिला हप्ता घरचे कसाबसा भरतात, कुणी कानातलं मोडून, कुणी मामाकडून उसने आणून. दुसऱ्या हप्त्याला गाडी अडते. मग घरातला मोठा माणूस म्हणतो, 'पुढच्या वर्षी बघू.' वीस वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यातलं ते पुढचं वर्ष उजाडलेलं इतक्या कमी वेळा पाहिलंय, की त्याचा मला आता रागही येत नाही, धडकी भरते. सगळ्यांचे दुसरे हप्ते मिळून ४८,००० रुपये हवे होते, तेही जानेवारी संपायच्या आत.

ठरलं ते असं. आम्ही बारा जणांनी चालायचं आणि दर किलोमीटरमागे लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे द्यायचे. कुणी दोन रुपये, कुणी दहा, कुणी पन्नास. बारा जणांत मी, माझी नणंद, शाळेतल्या दोघी शिक्षिका, दरवर्षी वारीला जाणारे आमचे मराठीचे सर, माझ्या सहा माजी विद्यार्थिनी आणि फोन सांभाळायला माझा मुलगा. आमचे 'हे' जीप घेऊन पाण्याच्या बाटल्यांसह मागून येणार होते. त्यांचं म्हणणं होतं की जीप मागून येणारच आहे, तर पुढे चालायची गरज काय?

गरज काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. आमच्या गल्लीत एक निवृत्त चाचा आहेत. त्यांची सारी हयात हिशोब लिहिण्यात गेली. त्यांनी वही पाहिली, चष्मा वर केला आणि विचारलं, "न चालण्याचे किती घ्याल? मी ५०० देतो, तुम्ही घरी बसा. चपलाही वाचतील." शिक्षकांच्या खोलीत मी सांगून पाहिलं की ही रीत जगात नवी नाही. १९८१ साली हाँगकाँगमध्ये ब्रिटिश फौजेतल्या गुरखा जवानांनी सराव म्हणून १०० किलोमीटरची डोंगरवाट चालायला घेतली. १९८६ पासून ती सामान्य नागरिकांना खुली झाली. चौघांची तुकडी, ४८ तासांची मुदत, आणि प्रत्येक तुकडीने गरजूंसाठी पैसे जमवायचे. 'ट्रेलवॉकर' नावाने हा प्रकार पुढे कितीतरी देशांत गेला, आपल्याकडे बंगळूरला आणि मुंबईजवळही झाला. मराठीच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे. आम्ही त्याला सराव म्हणत नाही, आषाढ म्हणतो."

घरी मात्र मी हुकमाचं पान टाकलं. २०२० च्या टाळेबंदीतली गोष्ट. इंग्लंडमध्ये कॅप्टन टॉम मूर नावाच्या माजी सैनिकाने शंभरी गाठायच्या आधी आपल्या बागेत १०० फेऱ्या मारून दवाखान्यांसाठी पैसे जमवले होते. ते पाहून सेंट ऑल्बन्स गावातले दबीरुल इस्लाम चौधरी चालायला लागले. मूळचे सिल्हेटकडचे, वय वर्षं १००. महिना रमजानचा. रोजा धरून हे बाबा इमारतीच्या ८० मीटरच्या बागेत फेऱ्या मारत राहिले. एकूण ९७० फेऱ्या झाल्या आणि कोरोनाने अडचणीत आलेल्यांसाठी चार लाख पौंडांच्या वर रक्कम जमली. ८० मीटरच्या ९७० फेऱ्या म्हणजे ७७ किलोमीटरच्या वर, हे गणित मी नववीच्या वर्गाला घातलं होतं. तिघांनी बरोबर सोडवलं, एकाने उत्तर पौंडांत काढलं.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे अम्मांना, ही हकिकत सांगितली. "रोज्यात?" त्यांनी विचारलं. "हो, रोज्यात." "शंभर वर्षांचा?" "हो." त्या थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तू पोटभर नाश्ता करून कण्हतेस कशाला?" त्या दिवसापासून अम्मा आमच्या प्रशिक्षक झाल्या. त्यांची पात्रता कमी समजू नका. त्रेसष्टाव्या वर्षी त्या हजला गेल्या होत्या. जायच्या आधी दोन महिने त्यांनी गच्चीवर फेऱ्या घातल्या होत्या. मोजायला एका खिशात चिंचोके ठेवायचे आणि दर फेरीला एक दुसऱ्या खिशात टाकायचा. सफा-मरवाच्या सात खेपा म्हणजेच तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं, त्यात मीना, अराफात, मुजदलिफा यांची भर. तिथे त्यांच्या तुकडीतल्या निम्म्या वयाच्या बाया पाय धरून बसल्या आणि अम्मा त्यांना व्हॅसलिन वाटत फिरल्या, हे आम्ही दर ईदला ऐकतो.

अम्मांचे नियम थोडे होते. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं थांबलं, की वेग जास्त झाला. (आमच्या नणंदेच्या बाबतीत हे माप निकामी ठरलं, तिचं बोलणं कशानेच थांबत नाही.) दर आठवड्याला एकच दिवस लांब चालायचं आणि तेही मागच्यापेक्षा थोडंसंच जास्त. दुसऱ्या दिवशी पायांना सुट्टी. मोजे दोन घालायचे, आत पातळ, बाहेर जाड. आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन.

सुरुवात पहाटे करावी असं मनात होतं. फजरची नमाज झाली की निघायचं, अंधारात गुपचूप पाच किलोमीटर उरकायचे, दूध तापायच्या आत घरी. पण वाचकहो, आमचं गाव जुन्नर आहे. इथे पहाटेचा रस्ता माणसांच्या आधी बिबट्याचा असतो.

बाहेरच्या वाचकांना हे चेष्टेचं वाटेल म्हणून सांगते. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्यांचं पाणी आलं आणि तालुका उसाने भरला. उसाच्या फडात बिबट्याला लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री-शेळ्या. मादी पिल्लंही उसातच घालते. उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच जंगल. माणिकडोहला पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, आणि ते आमच्या नाणेघाटच्या वाटेवरच पडतं. या तालुक्यात लोकांनी आपली लेकरं गमावली आहेत, त्यामुळे बिबट्याचा विनोद इथे कुणी मोठ्याने करत नाही. वनखातं सांगतं, अंधारात एकटं फिरू नका, घोळक्याने चला, हातात उजेड ठेवा, बोलत राहा, उसाच्या कडेला वाकून बसू नका. हे ऐकल्यावर 'ह्यां'नी पहाटेच्या चालण्यावर कायमची फुली मारली, आणि बुटाची नाडी सुटली तर रस्त्याच्या मधोमध येऊनच बांधायची असा वटहुकूम काढला.

म्हणजे चालायचं तर उजाडल्यावर, सातच्या पुढे. आणि उजाडल्यावर सगळं गाव जागं असतं.

आमच्याकडे चालणारा माणूस दिसला की लोकांना दोनच कारणं सुचतात. एक तर त्याची गाडी बंद पडली असणार, नाहीतर घरात भांडण झालं असणार. पहिल्या आठवड्यात मला अकरा जणांनी गाडीवर बसायचा आग्रह केला. "क्यों बाजी, गाडी पंक्चर हुई क्या?" हे तर ठरलेलं. दूधवाल्याने कॅन बाजूला सारून जागा केली. एका माजी विद्यार्थ्याने ट्रॅक्टर थांबवला आणि 'टीचर चालतात आणि मी बसतो हे बरं दिसत नाही' म्हणत दोन किलोमीटर माझ्या शेजारून पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवला. मागे एक बस, तीन टेम्पो आणि एक वरात. चौथ्या दिवशी आमच्या खालाजान दुपारीच घरी आल्या, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना तुम्हा दोघांचं? तू रोज सकाळी माहेरच्या दिशेने चालत जातेस म्हणे." माझं माहेर पूर्वेला आहे आणि सकाळचं ऊन पाठीवर घ्यावं की तोंडावर, एवढ्याच विचाराने मी तो रस्ता निवडला होता. दुसऱ्या दिवसापासून ऊन पाठीवर घेतलं.

बुटांचं वेगळंच. नारायणगावला मी आणि लेक गेलो. मला काळे हवे होते, सलवारीखाली दिसू नयेत असे. माझ्या मापात फक्त एकच जोड होता, राखाडी, त्यावर गुलाबी पट्टा. अर्धा नंबर मोठे घ्या, लांब चालल्यावर पाय सुजतात, असं सरांनी बजावलं होतं, तेवढं पाळलं. शाळेत ते बूट घालून गेले त्या दिवशी वर्गात पाठांतर ऐकू येईना, नजरा सगळ्या खाली. त्याच आठवड्यात सातवीला 'माझ्या आवडत्या शिक्षिका' हा निबंध दिला होता. एका पोराने लिहिलं होतं, 'आमच्या टीचर खूप कष्टाळू आहेत. त्या रोज खूप चालतात पण कुठेही पोहोचत नाहीत.' वाक्यरचना निर्दोष होती. दहापैकी आठ दिले.

चढाची सवय व्हावी म्हणून रविवारी लेण्याद्री. जुन्नरहून लेण्याद्री जवळ, गोळेगावच्या डोंगरात. सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपतीचं देऊळ आहे म्हणून अष्टविनायकाचे यात्रेकरू येतात. आम्ही येतो ते पायऱ्यांसाठी. या पायऱ्या कुणी २८३ सांगतं, कुणी ३०७. मी तीन रविवार मोजल्या आणि तीन आकडे मिळाले, कारण दीडशेच्या पुढे माझं लक्ष मोजण्यावर नसतं, श्वासावर असतं. चढताना मांड्या बोलतात, उतरताना गुडघे. सरावाचं खरं मोल उतरण्यात आहे हे सरांनी सांगितलं होतं. पाऊल आडवं टाकायचं, गुडघा थोडा वाकता ठेवायचा, उड्या मारायच्या नाहीत. माझी उड्या मारायची परिस्थिती नव्हती.

पायथ्याला डोलीवाले बसलेले असतात. पहिल्या रविवारी त्यांनी नणंदेला विचारलं, "ताई, डोली?" ती नको म्हणाली. उतरून आम्ही लगेच दुसऱ्यांदा चढायला लागलो तेव्हा ते काळजीत पडले. "काही राहिलं का वर?" तिसऱ्या रविवारी त्यांना सगळा मामला कळला. त्यांतले एक आजोबा म्हणाले, "आम्ही माणसाला खांद्यावर घेऊन हेच चढतो, दिवसातून पाचदा. आम्हाला किलोमीटरला कुणी देईल का हो?" त्यांनी हसत विचारलं होतं. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. पण त्यांनीच मग चढायची युक्ती सांगितली. पायरीवर टाच टेकली पाहिजे, चवड्यावर चढलं की पोटऱ्या भरतात. त्या दिवसापासून आमचा चढ निम्म्या कष्टात व्हायला लागला. पुरातत्त्व खात्याचं तिकीट मात्र दर खेपेला लागायचं. 'ह्यां'नी त्याचाही हिशोब ठेवला होता आणि तो मला वेळोवेळी वाचून दाखवला जायचा.

वर गेल्यावर दम खायला आम्ही सहाव्या लेण्यात बसायचो. ते चैत्यगृह आहे, खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप, आत गारवा. तिथे ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे. शाळेची सहल नेली की मी दरवर्षी मुलांना तो दाखवते. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं, एवढाच मजकूर. कल्याणहून जुन्नरला यायचा त्या काळचा व्यापारी रस्ता म्हणजे नाणेघाट. म्हणजे आम्ही जिथून निघणार होतो तिथे त्याचं दान आहे, आणि जिथे पोहोचणार होतो तो त्याच्या गावचा रस्ता. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेण्यात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचं कोरलेलं आहे. दानाला त्या लेखांत 'देयधम' असा शब्द येतो.

त्या रविवारी धापा टाकत बसले असताना मला त्या लेखातली एक गोष्ट पहिल्यांदाच नीट दिसली. देणाऱ्याचं नाव आहे, बापाचा धंदा आहे, गाव आहे. आत कोण येऊन बसलं, त्याचं नाव नाही. इरिलच्या टाक्यांतलं पाणी कोण प्यालं, त्याची यादी कुणी केली नाही.

हे मनात यायला कारण होतं. त्याच आठवड्यात आमच्या वहीवरून वाद झाला होता.

वहीत आम्ही दोन रकाने केले होते, एक जकातीचा, एक सदक्याचा. जकात कुणाला लागते याचे नियम ठरलेले आहेत, त्यात गल्लत नको. (एक भाषेची गंमत. उर्दूत जकात म्हणजे आपल्या मालातला गरिबाचा हक्क. तोच शब्द मराठीत आला आणि नाक्यावरचा कर झाला. द्यायची गोष्ट घ्यायची कशी होते, याचं इतकं छोटं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.) तर नावं येत होती, आकडे चढत होते. आणि जवळपास प्रत्येक जण विचारत होता, "पण मुली कोणत्या?" काहींना खरंच काळजी होती की पैसा योग्य ठिकाणी जातोय ना. त्यांना मी भाड्याच्या पावत्या दाखवायचं कबूल केलं, नाव झाकून. पण एका दुकानदार गृहस्थांनी ५,००० रुपये एकरकमी देऊ केले आणि अट घातली, की मुलींना दुकानात बोलवा, धनादेश देतानाचा एक फोटो काढू, बातमी येईल, बाकीच्यांनाही हुरूप येईल.

मी नको म्हटलं. घरात त्यावर दोन दिवस अबोला होता. 'हे' म्हणाले, "एका फोटोचा प्रश्न आहे, आणि हप्ता तोंडावर आलाय." त्यांचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. पैसा कुठून येतो याला वसतिगृहाचा कारकून विचारत नाही. पण मी त्या फोटोतल्या मुलीच्या जागी उभी राहून पाहत होते. आपल्या गावात तो फोटो भिंतीवर लागतो. चार वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी चालू असताना तो फोटो कुणाच्या तरी लक्षात असतो. ती शिकून नोकरीला लागली, त्याच दुकानात स्वतःच्या पैशाने कापड घ्यायला गेली, तरी तो तिथेच असतो. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणी कानावर पडते. ती देणाऱ्याच्या नियतीसाठी आहे हे खरं, पण घेणाऱ्याची मानही त्यानेच वर राहते.

आणि चाचांच्या 'न चालण्याचे किती' या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. नुसता हात पुढे केला की लोक विचारतात, 'कोणासाठी?' लंगडत समोर गेलं की विचारतात, 'पाय कसा आहे?' आमच्या फोडांची चौकशी इतकी जोरात चालली होती की मुलींची चौकशी आपोआप मागे पडली. गुलाबी पट्ट्याचे बूट, ट्रॅक्टर, डोलीवाले, गावाला बोलायला एवढं पुरेसं होतं. आमच्या बरोबर चालणाऱ्या सहा मुलींत त्यांतली कुणी होती की नव्हती, हे मी अजून 'ह्यां'नाही सांगितलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

फोडांचं म्हणाल तर ते १८ किलोमीटरच्या सरावाला आले. त्या आधी आठ आणि बारा सुखरूप झाले होते. सरांनी वारीतला उपाय सांगितला, उकळून घेतलेल्या सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा, पाणी झिरपून जातं. अम्मांना तो मान्य नव्हता. त्यांच्या मते फोड येऊ देणं हाच गुन्हा, उपायाची वेळ यायलाच नको. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने, जिला अशा गोष्टींचं आता शिक्षण मिळतंय, दोघांचंही ऐकून घेतलं. मग तिने माझा पाय मांडीवर घेतला, जखम धुतली, फोड तसाच ठेवला आणि वर मऊ पट्टी बांधली. म्हणाली, "टीचर, कातडी फाडू नका, तीच खरी पट्टी आहे." शाळेत हिला मी भाषेसाठी रागवायचे. आता मुकाट्याने पाय पुढे केला होता. २५ च्या सरावात ती सगळ्यात पुढे होती, पायात साध्या चपला. बूट का घेतले नाहीस, विचारलं तर म्हणाली, "चालायची सवय आहे. शाळेला येतच होते की." तिची वस्ती शाळेपासून चार किलोमीटर. जाऊन-येऊन आठ, सहा वर्षं. तिला किलोमीटरमागे कुणी काही दिलं नव्हतं, आणि उशीर झाला तर मी तिला वर्गाबाहेर उभं करत नसे, एवढीच काय ती तिची सवलत.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी उजाडता उजाडता निघालो. प्रत्यक्ष चालण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सराव चांगला झाला की मुख्य गोष्ट कंटाळवाणी होते, आणि ती तशीच व्हावी. माणिकडोहपाशी नणंदेने आवाज चढवला, बिबट्यांना कळावं म्हणून. जोहर चावंडच्या पायथ्याला पढली. किल्ल्याकडे मान वर करून पाहिलं आणि त्याच्या पायऱ्या आपल्या वाट्याला नाहीत याबद्दल मनापासून शुक्र केला. घाटघरच्या अलीकडे उतरत्या उन्हात सरांचाच गुडघा धरला. वारकऱ्याला जीपमध्ये बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी असं काही पाहिलं माझ्याकडे, की मी काठी शोधून आणली आणि आम्ही सगळ्यांनीच वेग कमी केला. साडेपाचला जीवधनच्या सावलीत नाणेघाटाच्या तोंडाशी पोहोचलो.

नाणेघाटात दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकातीची नाणी त्यात टाकून घेत, असं सांगतात. खाली गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची ही लांबलचक यादी. अंधार पडायच्या आत परतायचं होतं म्हणून गुहेत उतरलो नाही. आणि रांजणाशेजारी, मफलर गुंडाळून, आमचे चाचा बसले होते. भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले होते, खात्री करायला. त्यांनी किलोमीटरला २० रुपये लिहिले होते.

"किती झाले?" मुलाने फोन दाखवला. माझ्या फोनवर ३४.२. नणंदेच्या फोनवर ३६.१, पण ती मध्ये दोनदा मागे वळून गप्पा मारायला गेली होती. चाचांनी कमी आकडा धरला. चष्मा वर केला, बोटांवर गुणाकार केला आणि ६८४ रुपये मोजून दिले, शेवटचे चार रुपये सुट्ट्या नाण्यांत. "हिशोब म्हणजे हिशोब," म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. बारा जणांचा चहा त्यात होता, आलं घातलेला, त्याचे पैसे त्यांनी कुठेच लिहिले नाहीत.

पुढच्या शुक्रवारपर्यंत वसुली पूर्ण झाली. एकूण ४४,२०० रुपये. ३,८०० कमी पडले, आणि तो फोटो काढला असता तर काय झालं असतं, ही वजाबाकी 'ह्यां'नी मला करून दाखवली नाही, याची मी नोंद घेतली आहे. उरलेल्या रकमेसाठी वसतिगृहाने मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली. एक जण बॅग भरून परत गेली, दुसऱ्या दोघी आधीच गेल्या होत्या.

मार्चअखेरच्या आत पुन्हा चालायचं आहे, या वेळी जवळ, फक्त जुन्नर ते लेण्याद्री आणि परत. वहीचं नवं पान काढलंय. पहिलं नाव अम्मांनी स्वतःचं लिहायला लावलं, जाताना चालणार आणि येताना जीप, मिळून पाच किलोमीटर. चाचांनी त्यापुढे आपला आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवायच्या आधी विचारलं, "पाच म्हणजे पूर्ण पाच ना?"